सुलभाताईंचे बरे दोन तास

परत आल्यापासून जो भेटतो तो हेच विचारतो, "मग काय, लंडन पाहिलं?" नाही पाहिलं बाबा! पाच आठवडे इंग्लंडात होते, आणि तो घड्याळाचा मनोरा मी तुमच्यासारखाच फोटोत पाहिला. मी पाहिली ती स्वयंपाकघरं. रीडिंगची, कॉव्हेंट्रीची, इल्फर्डची. इल्फर्डच्या एका आजींनी तर प्रश्नांची उत्तरं द्यायच्या आधी मला शेपूची जुडी निवडायला बसवलं. तेव्हा ज्यांना राजवाडे आणि पूल हवे असतील त्यांनी इथेच थांबावं. माझ्याकडे ते नाहीत आणि ऐकीव सांगायची मला सवय नाही.

गेले होते कशाला, ते आधी सांगते. मी साताऱ्याची. तीस वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून लोकांचे गुडघे आणि खांदे हलवले, आता निवृत्तीनंतर वैद्यकीय कागदांची भाषांतरं करते. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या रुग्णांसाठी एक प्रश्नावली असते. चालताना पाय अडकतात का, बटणं लावायला अडचण येते का, घास तोंडापर्यंत नेताना सांडतो का, चारचौघांत लाज वाटते का, असे तीसेक प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. 'कधीच नाही' म्हणजे शून्य, 'नेहमी' म्हणजे चार. बेरीज जेवढी मोठी तेवढा आजार वरचढ. ही इंग्रजीतून पोर्तुगीजमध्ये गेलेली होती, इंग्लंडातल्या एका विद्यापीठाला ती आता मराठीत आणायची होती, कारण तिकडे आपले बरेच लोक म्हातारे झालेत. त्यांचे डॉक्टर इंग्रज आणि दुखणं मराठी.

भाषांतर मी घरी बसून केलं. दुसऱ्या एकाने मूळ न बघता त्याचं पुन्हा इंग्रजी केलं, मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून आमची फोनवर कडाक्याची भांडणं झाली. राहिलं होतं ते खरं काम. माणसांच्या घरी जायचं, प्रश्न विचारायचे, आणि एका आठवड्यानंतर तेच प्रश्न त्याच माणसाला पुन्हा विचारायचे. दोन्ही वेळची उत्तरं जुळली तर मोजपट्टी खरी.

रीडिंग

उतरले होते भाचीकडे, गौरीकडे. ती तिथं एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. पहिल्याच सकाळी मी पोह्यांना फोडणी दिली आणि छताला लावलेलं ते धुराचं यंत्र असं काही किंचाळायला लागलं की मला वाटलं, मी काहीतरी गुन्हा केला. गौरी टॉवेल घेऊन धावत आली आणि त्याच्याखाली वारा घालायला लागली. "मावशी, मोहरी टाकताना खिडकी उघडायची गं! नाहीतर शेजारचे कंप्लेंट करतात." बाहेर चार अंश तापमान. खिडकी उघडून फोडणी द्यायची म्हणजे एक तर मोहरी तडतडणार नाही, नाहीतर आपण तरी गारठणार.

तेरेसाची आणि माझी भेट तिथलीच. तेरेसा पोर्तुगालची, पन्नाशीची, या प्रश्नावलीचं पोर्तुगीज काम हिनेच केलेलं. मला काम शिकवायला आणि माझ्यावर नजर ठेवायला विद्यापीठाने हिला नेमलं होतं. बुटकी, चष्मा कपाळावर, गाडी अशी चालवते की मी सीटबेल्टला धरून रामरक्षा म्हणावी. मराठीचा एक शब्द येत नव्हता तिला. मी म्हटलं, मग ही माझ्या मुलाखतींना बसून करणार काय?

पहिली मुलाखत दामलेकाकांची. मुलाकडे राहायला आलेले, पुण्याचे. मी विचारलं, "कपडे घालताना मदत लागते का?"

"छे! अजिबात नाही." शेजारी काकू त्यांच्या स्वेटरची बटणं लावत होत्या.

"जेवताना?"

"नाही हो."

मला राहवलं नाही. "अहो काका, पोळीचे तुकडे कोण करून देतं?"

"ही देते की."

"मग ती मदतच झाली ना?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच आजारी आहे. "मदत कसली? ही आहे ना!"

मी हसून हसून बेजार. बाहेर आल्यावर तेरेसाने मात्र मला झाडलं. आवाजावरूनच तिला कळलं होतं की मी वाद घालत होते. "प्रतिभा, विचारायचं, ऐकायचं, लिहायचं. सुचवायचं नाही, पटवायचं नाही." मी म्हटलं, अगं, पण तो माणूस धडधडीत खोटं बोलतोय. ती म्हणाली, "मग प्रश्न सुधार. माणसाला सुधारू नकोस." आम्ही प्रश्न सुधारला. 'बायको, मूल किंवा इतर कोणीही धरून' असं त्यात घातलं. काकांनी पुढच्या आठवड्यात त्याला तीन गुण दिले, तेही काकूंनी डोळे वटारल्यावर.

कॉव्हेंट्रीच्या वाटेवर

रीडिंगहून कॉव्हेंट्रीला गाडीने दोनेक तास. दोन्ही बाजूंना हिरवी कुरणं, त्यांना काटेरी झुडपांची कुंपणं, आणि मेंढ्या. माणूस एकही नाही. आपल्याकडे रानात नुसतं थांबलं तरी कुणीतरी येऊन विचारतो, कुठलं गाव? इथं मैलोन्‌मैल कुणी विचारणारं नाही.

वाटेत एका ठिकाणी थांबून मी डबा उघडला. बटाट्याची भाजी आणि पाव. तेरेसा म्हणाली, "हे काय?" मी म्हटलं, "बटाटा. पाव." ती उडालीच. तिच्याकडेही तेच शब्द! मग काय, तिथं बाकावर बसून आमचा खेळच सुरू झाला. चावी? चावी! बादली? जवळजवळ तीच! पगार? तोही! "म्हणजे आमच्या घरात निम्मं सामान तुमचंच," मी म्हटलं. ती म्हणाली, "परत नको, ठेवा." भाजीला तिने दोनदा हात घातला आणि मला तिच्याकडचा दालचिनीचा केक दिला, जो मला अजिबात आवडला नाही, पण मी छान आहे म्हणाले.

मग तिने तिची गोष्ट सांगितली. तिच्या गावाकडची एक म्हातारी. स्वयंपाक करताना त्रास होतो का, तर म्हणे कधीच नाही. नंतर तेरेसाला कळलं की बाई दोन वर्षं शेजारणीच्या घरचं सूप पिऊन जगतेय. "मी शहाणपणा केला. शून्य खोडलं आणि चार लिहिलं. ते तिला समजलं. त्यानंतर तिने मला कधीच दार उघडलं नाही, आणि तो फॉर्मही टाकून द्यावा लागला, कारण ते उत्तर तिचं नव्हतं, माझं होतं."

कॉव्हेंट्री, गुरुवार

सुलभाताई मोहिते, वय अडुसष्ट, कंपवात नऊ वर्षं. लाल विटांचं घर, एका भिंतीला दुसऱ्याचं घर चिकटलेलं. खिडकीत काचेच्या आत तुळस. मोहितेकाका मोटारीच्या कारखान्यात आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झालेले, उंच, अबोल, हातात सतत एक फडकं.

दार सुलभाताईंनीच उघडलं. जांभळी इरकल, घट्ट अंबाडा, कपाळाला ठसठशीत कुंकू. "या, या! सापडलं ना घर?" मी थक्क. नऊ वर्षांचा कंपवात आणि बाई स्वतः ट्रे घेऊन आली! उपमा, नारळाच्या वड्या, कॉफी. बोलता बोलता निघालं की त्यांचं माहेर कराडचं. मग तर काय विचारता, कृष्णेचा घाट, कराडची बाजारपेठ, कुणाची कोण लागते, अर्धा तास त्यातच गेला.

प्रश्न विचारायला लागले. बटणं? "लावते की." घास? "जातो." पाय अडकतात? "क्वचित एखादवेळी." चारचौघांत लाज वाटते? "कधीच नाही. लाज कसली?" बोलताना त्या सारख्या डोलत होत्या, खांदे, मान, सगळंच. मला वाटलं, माहेरच्या गप्पांनी बाई रंगल्यात. बेरीज इतकी कमी आली की मी मनात म्हटलं, शाब्बास! अशी हवी उमेद.

पाऊण वाजला तशा त्या एकदम म्हणाल्या, "निघा आता तुम्ही. ट्रॅफिक लागेल." मी जरा चपापले. जेवणाची वेळ, दारात कराडचं नातं निघालेलं, आणि जेवून जा असं तोंडदेखलंसुद्धा नाही? इंग्लंडचं वारं लागलं म्हटलं, आणि उठले. खोटं कशाला सांगू, रागच आला होता मला.

गाडीत तेरेसाने आधी चष्मा डोळ्यांवर घेतला. मग म्हणाली, "ती घड्याळाकडे किती वेळा बघत होती, पाहिलंस?" नव्हतं पाहिलं. "ते डोलणं गप्पांचं नव्हतं. गोळी जास्त झाली की माणूस असं डोलतं. आणि शेवटी शेवटी तिचा डावा पाय आत वळायला लागला होता. तिने तो दुसऱ्या पायाखाली दाबून धरला."

मी कपाळाला हात लावला. तीस वर्षं जी अंगं बघत आले, ती मी तिथं बघितलीच नाहीत. मी आपली कराडच्या बाजारपेठेत हिंडत होते. आणि मराठीतलं अक्षर न कळणारी ही बाई सगळं पाहत बसली होती.

तरीही आम्ही परत गेलो नसतो. पण सँडविच खाताना फॉर्म तपासला तर संमतीच्या पानावर सहीच नव्हती! सहीशिवाय मुलाखत बाद. माझीच चूक, गप्पांत राहून गेलेली. फोन लावला, कुणी उचलेना. सव्वादोनला आम्ही पुन्हा त्यांच्या दारात.

काकांनी दार उघडलं आणि काही न बोलता तसेच आत पळाले. दार उघडंच. आतून नळाचा आवाज येत होता. मी गेले मागोमाग.

सुलभाताई सिंकपुढे उभ्या होत्या. हातात ताट, नळ वाहतोय, पदर भिजलेला, आणि पाय जमिनीला खिळलेले. डोकं पुढे, कंबर मागे, अंग थरथरतंय, पण पाऊल उचलत नाही. काका खाली गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी त्यांच्या पायांपुढे लाटणं आडवं ठेवलं. "ओलांड. हं, ओलांड." सुलभाताईंनी लाटण्याकडे पाहिलं, आणि पाय उचलला. मग दुसरा. काकांनी लाटणं पुढे सरकवलं. असं करत करत, एकेक पाऊल, खुर्चीपर्यंत.

हा उपाय मी स्वतः पेशंटना शिकवत आले. पाय खिळला की पुढे काहीतरी आडवं ठेवायचं, रेघ, काठी, काहीही. "तुम्हाला कुणी शिकवलं हे?" मी विचारलं.

"कुणी नाही," काका म्हणाले. "एकदा पोळ्या करताना लाटणं पडलं खाली. ती ओलांडून चालायला लागली. तेव्हापासून मी ते खिशातच ठेवतो."

सुलभाताईंनी मान वर केली. सकाळचा खणखणीत आवाज गेला होता. कान देऊन ऐकावं लागेल इतकं बारीक, एकातएक शब्द गुंतलेले. पण राग स्पष्ट होता. "परत... कशाला आलात? न सांगता?"

मी नाकावर माशी बसू न देणारी बाई. पण खाली मान घालून सहीचं सांगितलं. त्या रडायला लागल्या. चेहरा जराही हलत नव्हता, नुसतं पाणी येत होतं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कुणी येणार असलं की त्या सकाळची सातची गोळी घेतच नाहीत. ती ठेवायची, आणि पाहुणे येण्याआधी पाऊण तास दोन एकदम घ्यायच्या. मग दोन तास अंग मोकळं. त्या दोन तासांत साडी, अंबाडा, ट्रे, सगळं. मंडळाच्या हळदीकुंकवाला तसंच, लेक आली की तसंच, आणि ऐका, हॉस्पिटलात डॉक्टरांकडे जायचं तरी तसंच! डॉक्टरांनी या बाईला कधी वाईट अवस्थेत पाहिलेलंच नाही. ते दर वेळी म्हणतात, छान चाललंय, आहे तेच औषध चालू ठेवा.

"गोळी ठेवतेस? कुठे ठेवतेस?" काका म्हणाले. त्यांना पत्ताच नव्हता. दर रविवारी आठवड्याच्या गोळ्या खणांच्या डबीत तेच भरत. सुलभाताईंनी नजरेने मिसळणाचा डबा दाखवला. काकांनी तो उघडला. मेथीदाण्याच्या वाटीत दाण्यांखाली पुढच्या वेळेसाठी साठवलेल्या गोळ्या. काका कितीतरी वेळ ती वाटी हातात घेऊन उभे राहिले.

"अहो, जिवाशी खेळताय तुम्ही!" मी ओरडलेच. "दोन दोन गोळ्या एकदम घेऊन जिन्यावरून पडलात तर?"

"झाकली मूठ... सव्वा लाखाची," त्या म्हणाल्या. "मेधाला कळलं ना मी अशी उभी राहते... महिन्यात विक्रीचा बोर्ड लागेल घराला."

मेधा म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, नवऱ्याबरोबर, डेव्हिडबरोबर मँचेस्टरला असते. वर्षभर तिने घोशा लावलाय, घर विका, माझ्याजवळ फ्लॅट घ्या. म्हाताऱ्यांसाठीच्या इमारती असतात तिकडे, भिंतीला दोरी असते, ओढली की माणूस येतं. या अभ्यासात आईचं नावही मेधानेच घातलेलं. सुलभाताईंचा ठाम समज की आमचा कागद मेधाकडे जाणार, बेरीज मोठी आली की घर गेलं. अडतीस वर्षं त्या स्वयंपाकघरात उभ्या राहिलेल्या. मी समजावलं की तुमचा कागद तुमच्या परवानगीशिवाय डॉक्टरांखेरीज कुणालाच दिसत नाही. त्या म्हणाल्या, "डॉक्टर सांगतील की तिला. ती येते ना बरोबर."

सही त्यांनी केली. अक्षर मुंगीएवढं.

परतताना मी तेरेसाला म्हटलं, येत्या मंगळवारनंतरच्या मंगळवारी हिची डॉक्टरांशी भेट आहे. ते हा फॉर्म बघणार, गुण कमी बघून पुन्हा म्हणणार छान चाललंय, आणि ही बाई एक दिवस पडून हाड मोडून घेणार. मी डोळ्यांनी बघितलंय, मी लिहिते खरे आकडे! तेरेसा म्हणाली, "लिही. आणि मग ती तुला दार उघडणार नाही." मी फॉर्म पिशवीत कोंबला. तिच्यावरही चिडले होते, कारण तिचं बरोबर होतं.

कॉव्हेंट्री, पुन्हा गुरुवार

दुसरी मुलाखत आठवड्याने घ्यायचीच होती. वेळ ठरवायची मुभा माझ्याकडे होती. मी फोन केला. "सुलभाताई, या वेळी अडीचला येते. गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तशाच घ्यायच्या, एकही मागे ठेवायची नाही. साडी नेसायची नाही. उपमा तर अजिबात करायचा नाही."

"पाहुण्यांना असं कसं..."

"पाहुणी कोण? कराडची लेक साताऱ्याच्या बाईला पाहुणी म्हणते? माहेरचं माणूस येतंय असं समजा."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "या."

मी थालीपिठं घेऊन गेले. (गौरीकडचं यंत्र पुन्हा किंचाळलं, पण आता टॉवेल मीच फिरवला.) सुलभाताई गाऊनवर कार्डिगन घालून स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसल्या होत्या. केस मोकळे, पिंजारलेले. पुढची गोळी तीनला होती, मागचीचा असर सरलेला. हात मांडीवर तांदूळ निवडल्यासारखा हलत होता. तेरेसा कोपऱ्यात स्टुलावर बसली. मी वही बाजूला ठेवली, फणी मागितली आणि आधी त्यांची वेणी घातली. नियमात ते बसतं की नाही माहीत नाही. तेरेसाने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

मग तेच प्रश्न, तेच शब्द. एकही जास्तीचा नाही.

बटणं? "नाही लागत." घास? "सांडतो. म्हणून मी... नंतर जेवते. एकटी." पाय? "रोज. दारात जास्त." प्रत्येक उत्तराला एवढा वेळ लागत होता की मला मधेच वाक्य पूर्ण करून द्यावंसं वाटे. जीभ चावून गप्प बसले. आयुष्यात इतका वेळ गप्प बसायची माझी पहिलीच खेप.

"रात्री अंथरुणात कुशीवर वळायला त्रास होतो?"

"वळताच येत नाही. मी... तशीच पडून राहते."

काका दारात उभे होते. "मला उठवायचं ना अगं!"

"तुम्ही दमलेले असता."

काकांनी फडकं तोंडाला लावलं आणि मागच्या बागेत निघून गेले.

शेवटचा प्रश्न. "चारचौघांत असताना आजाराची लाज वाटते का?"

सुलभाताईंनी माझ्याकडे पाहिलं. "नेहमी," त्या म्हणाल्या. "चार लिहा." मी चार लिहिलं. बेरीज पहिल्या वेळच्या तिप्पट झाली.

तेरेसा नंतर म्हणाली की आता प्रत्येक फॉर्मवर वरच एक ओळ हवी, शेवटची गोळी किती वाजता घेतली. पोर्तुगीजमध्येही ती घालायला हवी होती. "माझ्या म्हातारीला मी हे कधी विचारलंच नाही," असं म्हणून तिने गाडी काढली, आणि पहिल्यांदाच हळू चालवली.

मंगळवार

डॉक्टर या अभ्यासात होते, म्हणून भाषेच्या मदतीला मला बसू दिलं. वेळ पावणेतीनची. सुलभाताई व्हीलचेअरवरून आल्या, कार्डिगनमध्येच. प्रतीक्षेच्या जागेतून जाताना त्यांनी मान खाली घातली होती, पण आल्या. मेधा मँचेस्टरहून थेट आली. पंचेचाळिशीची, ऑफिसच्या कपड्यांत, आईला बघून जागीच थिजली. "आई? काय झाला तुला?" इथंच जन्मलेली, तिचं मराठी असंच आहे, पण ती मराठीतच बोलते आईशी.

डॉक्टर सवयीने काकांकडे वळले, कशी आहे तब्येत? नऊ वर्षं काका "शी इज फाइन, डॉक्टर" म्हणत आले होते. आज म्हणाले, "तिलाच विचारा."

आणि सुलभाताई बोलल्या. हळू, अडखळत, मेथीदाण्यांपासून सगळं. मी एकेक वाक्य इंग्रजीत करत गेले. डॉक्टर भले माणूस. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, एवढी वर्षं मी फक्त तुमचे चांगले तास पाहत होतो. औषध लहान लहान मात्रेत, जास्त वेळा, असं त्यांनी बदललं. घरी येऊन बघायला माणूस पाठवतो म्हणाले. घर विकण्याबद्दल चकार शब्द नाही.

बाहेर कॉरिडॉरमध्ये काका गोळ्यांची चिठ्ठी घेऊन औषधाच्या खिडकीकडे गेले. व्हीलचेअर भिंतीशी लावलेली, समोर प्लॅस्टिकच्या खुर्च्या. मेधा तिथल्या शेवटच्या खुर्चीत बसली, आईपासून चार खुर्च्या लांब. मी निघायला हवं होतं. पण मी हाताने चाक धरलेलं, ते सोडून जायचं कसं?

"तू मला सांगितला का नाही?" मेधा म्हणाली. "प्रत्येक संडेला मी फोन करते आणि तू बोलते, सगळा मजेत."

"तू घर... विकलं असतंस."

"हो. विकला असता." मेधाने चष्मा काढला. "पण तुझ्यासाठी नाही, आई. तुला वाटते तुझ्यासाठी. माझ्यासाठी." मग इंग्रजीत काहीतरी म्हणाली, थांबली, पुन्हा मराठीवर आली. "डेव्हिड मला सोडून गेला. मार्चमध्ये. मी एकटी राहते आता. मी पण तुला संडेला बोलते, सगळा फाइन. मला तू जवळ पाहिजे होती. बस, एवढाच."

सुलभाताईंचा चेहरा हलला नाही. मला माहीत होतं, हा आजार चेहरा धरून ठेवतो, आत काय चाललंय ते बाहेर दिसू देत नाही. मेधाला ते माहीत नव्हतं. तिला वाटलं, आई रागावली. ती उठायला लागली.

सुलभाताईंनी दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर रोवले. खांदे वर गेले, मान पुढे आली, जोर केला. काही उचललं नाही. पुन्हा केला. मी हात पुढे केला तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. मग त्या लेकीकडे बघून, जेवढा निघाला तेवढ्या आवाजात म्हणाल्या,

"मला उठता येत नाही, मेधा. तूच ये इकडे."